देवपुरातले पेंग्विन

आमच्या प्राणिशास्त्र विभागातल्या कपाटांवर धूळ साचायची आणि कपाटांपुढे बसणाऱ्या माणसांत किस्से. धूळ रशीदभाई रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. किस्से पुसायचं कुणाच्या मनात आलं नाही, त्यामुळे ते साचत गेले. आता एक सांगायला घेतला की मागचे चार पुढे सरकतात. म्हणून आज ठरवून फक्त पेंग्विनांचे सांगते. हो, पेंग्विनांचेच. धुळ्यातल्या देवपुरात, उन्हाळ्यात जिथे पांझरेत पाय बुडेल इतकं पाणी नसतं, तिथे आम्ही काही वर्षं पेंग्विनांच्या नादी लागलो होतो. तुम्ही हसा खुशाल. आम्हीही आधी हसलो होतो.

आम्ही म्हणजे तिघं. विभागप्रमुख अहिरे सर, साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातले, घरातले पहिले शिकलेले. टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती, तिच्या शेजारी सूक्ष्मदर्शक. दुसरे रशीदभाई, प्रयोगशाळेचे परिचर. आणि तिसरी मी, पाचोऱ्याच्या रेल्वे गँगमनची मुलगी, नवीकोरी अधिव्याख्याती.

*

माझी निवड झाली तोच पहिला किस्सा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मुलाखतीला समितीतल्या दोघांनी बेडूक, गांडूळ, झुरळ असं नेहमीचं विचारलं. शेवटी अहिरे सरांनी विचारलं, "पेंग्विन कुठे राहतो?"

मी ठासून सांगितलं, "बर्फावर."

"सगळे?"

"सगळे."

"जाती किती?"

इथे माझं अवसान गळालं. "माहीत नाही, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सतरा-अठरा आहेत. निम्म्याहून जास्त जातींचा बर्फाशी संबंधच येत नाही. काही तर वाळवंटाच्या कडेला राहतात, ऊन चुकवायला बिळं करतात."

मी पाचोऱ्याला परतले आणि वडिलांना सांगितलं, नोकरी गेली. एका पक्ष्यापायी गेली. दहा दिवसांनी रुजू व्हायचं पत्र आलं.

पुढे वर्षभरानं धीर करून सरांना विचारलं, मला का घेतलंत? सर म्हणाले, "तुमच्या आधी चौघांनी आकडा सांगितला. चौघांचे चार वेगळे. 'माहीत नाही' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. मला शिकवणारं माणूस हवं होतं, झाकणारं नको होतं."

माझा संसार, माझी पेन्शन, सगळं त्या एका 'माहीत नाही'वर उभं आहे.

*

सरांना पेंग्विन भेटला होता तो रद्दीत, माझ्या मुलाखतीच्याही आधी. जुन्या इंग्रजी मासिकात चिलीच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंचा लेख होता. तिथल्या समुद्रात बोटभर लांबीचे मासे थव्यानं असतात. पेंग्विन त्यांच्यावर जगतात. मोठ्या कंपन्यांच्या बोटी ते मासे उपसून नेतात, दळून त्यांची भुकटी करतात आणि ती भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जाते. मासा कमी झाला की पेंग्विन कमी होतो. शिवाय किनाऱ्याजवळ लावलेल्या जाळ्यांत बुडून मरतात ते वेगळेच. पक्षी पोहणारा असला तरी श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं.

मी रुजू झाल्यावर सरांनी बाईंना पत्र लिहिलं. इंग्रजी त्यांचं, टंकलेखन माझं. त्यात एक प्रामाणिक वाक्य होतं: समुद्र आमच्यापासून एसटीनं रात्रभराच्या अंतरावर आहे, आणि आमच्या समोरची नदी वर्षातले आठ महिने कोरडी असते.

चार महिने उत्तर नाही. रशीदभाई म्हणाले, "सर, पत्ता चुकला असेल. चिली म्हटल्यावर पोस्टानं मिरचीच्या बाजारात पाठवलं असेल."

मग एक दिवस जाड पाकीट आलं. आत चोवीस स्लाइड्स आणि हातानं लिहिलेलं पत्र. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, "समुद्राकाठचे लोक माझं ऐकतात, पण त्यांचं पोट त्या बोटींवर आहे, त्यांना तरी काय सांगू? तुमचं काहीच त्यात अडकलेलं नाही आणि तरी तुम्ही विचारलंत. आज दिवसभर मला बरं वाटलं."

सरांनी ते पत्र आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मला वाचायला लावलं.

तेव्हापासून त्यांचं नाव आमच्यात चिलीबाई.

*

स्लाइड्स आल्यावर सरांना राहवेना. महाविद्यालयाचा प्रोजेक्टर लाकडी पेटीत घालून आम्ही गावोगाव निघालो. शनिवारी दुपारी, शाळेत, खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार करायचा.

धुळ्याजवळच्याच एका खेड्यात मुलांबरोबर आयाबायाही येऊन बसल्या. पडद्यावर बिळात बसलेली पेंग्विनची जोडी आली. सर समजावत होते. एक जण अंडी उबवतो, पिल्लं सांभाळतो. दुसरा समुद्रात जाऊन मासे आणतो. मग पाळी बदलते. जवळचे मासे बोटींनी नेले की गेलेल्याला लांब जावं लागतं. परत यायला उशीर होतो. घरी बसलेला किती दिवस उपाशी थांबणार? शेवटी तोही उठतो, आणि पिल्लं मरतात.

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "या पाखरूना नवरा बी सुरतले जास का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, असं का म्हणालात?"

ती आपल्या मुलाबद्दल म्हणाली, "मना आंडोर सुरतले शे. मीलमा. दूर गया म्हंजे उशीर व्हस. घरमा पोरं वाट देखतस."

सर पडद्याजवळून तिच्यापाशी आले. मग म्हणाले, "आजी, मी अर्धा तास जे सांगत होतो ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत."

म्हातारीचं ते वाक्य सरांनी चिलीबाईंना भाषांतर करून कळवलं. मला सुरत म्हणजे काय ते कंसात टाइप करावं लागलं. बाईंचं उत्तर आलं. त्यांच्या देशातल्या मच्छीमारांच्या बैठकीत त्यांनी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं. 'सुरत'सकट.

*

एकदा पहूरच्या शाळेचं बोलावणं होतं. आदल्या दिवशी सरांना ताप भरला आणि माझ्यावर परीक्षेचं पर्यवेक्षण पडलं. कार्यक्रम रद्द करायचं पत्र पोहोचायला वेळ नव्हता. रशीदभाई म्हणाले, "मी पेटी घेऊन जातो. स्लाइड्स दाखवतो, आणि सरांना बरं नाही म्हणून सांगतो." पहाटेच्या गाडीनं ते जळगावला गेले, तिथून गाडी बदलून पहूरला.

संध्याकाळी परत येऊन सरांच्या घरी डोकावले. "झालं, सर," एवढंच म्हणाले.

आठवड्यानं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. "प्रा. रशीद यांनी पेंग्विनांविषयी दिलेल्या अत्यंत सुबोध व्याख्यानाबद्दल शाळा ऋणी आहे. मुलांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचा त्यांनी कंटाळा केला नाही. त्यांनी पुन्हा यावे."

मी रशीदभाईंकडे पाहिलं. ते बरण्या पुसण्यात गुंतले होते. सरांनी विचारलं, "काय सांगितलंत तिथे?"

"तुम्ही सांगता तेच. तीन वर्षं ऐकतोय ना, सर. पोरं बसली होती रांगेनं. त्यांना कसं म्हणू की स्लाइड बघा आणि घरी जा?"

सरांनी पत्र विभागाच्या फलकावर टाचणीनं लावलं. प्राचार्य राउंडला आले, त्यांनी वाचलं. "हे प्रा. रशीद कोण?"

"आमच्या विभागातले," सर म्हणाले.

प्राचार्य गेल्यावर रशीदभाई घाईघाईनं आले. "सर, काढा ते. मी चौथी पास माणूस."

सर म्हणाले, "त्या माणसानं तुम्हाला पाहून, ऐकून लिहिलंय. ते खोडणारे आपण कोण?"

पत्र वर्षभर फलकावर होतं. कागद पिवळा पडला तेव्हा रशीदभाईंनी ते काढलं. कुठे ठेवलं ते आम्ही विचारलं नाही.

*

रशीदभाईंचाच आणखी एक.

त्यांच्या साडूनं धुळ्याबाहेर कोंबड्यांची शेड टाकली होती. एका रविवारी रशीदभाई तिथे गेले आणि खाद्याच्या पोत्यात हात घालून वास घेत बसले. साडूला वाटलं, माल खराब निघाला. तो घाबरला. रशीदभाईंनी विचारलं, "यात मासळी आहे ना? कुठली?"

साडू म्हणाला, "गुजरातच्या बंदरावरून येते. का?"

सोमवारी रशीदभाई कामावर आले. दुपारी डबा उघडला, त्यात मटणाचं कालवण नाही, कोंबडी नाही, वांग्याची भाजी. सरांनी ओळखलं. म्हणाले, "रशीदभाई, तुमच्या साडूची सुकट आपल्याकडच्या समुद्रातली आहे. तिथे पेंग्विन नाहीत. एकही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

रशीदभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाले, "पेंग्विन नसेल, सर. पण दुसरं कुणीतरी तिथे जेवत असेलच ना."



दुसऱ्या दिवशी बी.एस्सी.च्या वर्गात सरांनी अन्नसाखळीचा धडा सुरू केला. फळ्यावर आकृती काढण्याआधी त्यांनी हेच वाक्य लिहिलं, आणि खाली रशीदभाईंचं नाव. मी तो धडा पुढे बावीस वर्षं शिकवला. सुरुवात कधी बदलली नाही.

कोंबडीचं म्हणाल तर ईदला रशीदभाईंनी खाल्ली. आम्हालाही खाऊ घातली.

*

पाचोऱ्याला, माझ्या स्वतःच्या शाळेत, सरांनी मला एकटीला पाठवलं. "तुमचं गाव आहे. तुम्हीच बोला."

हॉल भरला होता. मागच्या बाकावर वडील, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी माझ्या नोकरीला आधी विरोध केला होता. मुलीनं परगावी खोली घेऊन राहायचं हे त्यांना पटत नव्हतं. दोन वर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. ते येतील असं मला वाटलंच नव्हतं.

तिसरी स्लाइड लावली आणि प्रोजेक्टरचा बल्ब उडाला. जवळ दुसरा नव्हता.  घोंगड्या काढल्या, भसकन उजेड आला आणि तीनशे पोरं माझ्याकडे बघायला लागली.

मग मी खडू घेतला. पेंग्विन काढला, तो बदकासारखा झाला. पोरं हसली. मीही हसले आणि बोलत सुटले. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतो, त्या दिवसांत पिसांतून पाणी थेट अंगाला लागतं म्हणून तो समुद्रात उतरत नाही, तीन आठवडे किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो, हे सांगताना मी खरंच तशी उभी राहिले. हात अंगाला चिकटवून, मान खाली घालून. 

घरी परतताना वडील माझ्याबरोबर चालत होते. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे थांबलो. ते म्हणाले, "एक विचारू? ते वीस दिवस उपाशी राहायचं तर आधी भरपूर खाऊन ठेवावं लागत असेल."

"हो."

"आणि नेमक्या त्याच वेळी बोटींनी मासे नेले तर?"

"मग वीस दिवस निघत नाहीत, आबा."

मालगाडी गेली. फाटक उघडलं. आबा म्हणाले, "तुझे सर चांगले दिसतात. एकदा जेवायला आण त्यांना."

सर आले. रशीदभाईही आले. आबांनी दोघांना स्वतःच्या हातानं वाढलं.

*

सगळं असं गोडच झालं असं नाही. एका वर्षी संस्थेच्या बैठकीत कुणीतरी तक्रार केली. खान्देशात कापूस पिकतो, बोंडअळी शिकवायची सोडून हे लोक पेंग्विन दाखवत फिरतात, आणि संस्थेचा प्रोजेक्टर वापरतात. सरांना बोलावणं आलं. प्रोजेक्टर आधीच कार्यालयात जमा करून घेतला होता. मीही सरांबरोबर गेले, दाराजवळच्या खुर्चीत बसले.

सरांनी बोंडअळीच्या तासिकांचं वेळापत्रक पुढे ठेवलं. एकही बुडाली नव्हती. तरी एक सदस्य म्हणाले, "पण उपयोग काय याचा?"

सरांनी उत्तर द्यायच्या आधी दुसरे एक सदस्य बोलले. स्वतः कापूस पिकवणारे, वयस्कर, सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांनी विचारलं, "सर, मला एक सांगा. ते पक्षी कमी झाले हे कळलं कसं?"

"मोजतात, नाना. दरवर्षी त्याच दिवसांत त्याच किनाऱ्यावर जाऊन घरटी मोजतात. वह्या ठेवतात."

"किती वर्षं?"

"एकेकाचं आयुष्य जातं त्यात."

नाना म्हणाले, "माझ्या लहानपणी आमच्या शेताशेजारी माळावर तणमोर नाचायचे. उंच उड्या मारायचे. आता दिसत नाहीत. कधी संपले ते मला सांगता येत नाही. कुणी मोजलेच नाहीत."

 मग नाना अध्यक्षांकडे वळले, "यांना त्यांचं मशीन परत द्या. आणि सर, आपल्याकडचंही काहीतरी मोजायला घ्या. सगळं संपल्यावर नको."

त्या हिवाळ्यापासून आम्ही शहराबाहेरच्या तलावावरचे पक्षी मोजायला लागलो. दर रविवारी सकाळी, एक दुर्बीण आणि एक लांबट वही. पहिल्या वर्षी माझी नजर तयार नव्हती. मी तरंगणारं लाकूडसुद्धा मोजलं होतं.

*

आता शेवटचा.

त्या तलावात भोई मंडळी मासे धरायची. पाण्यात जाळी उभी लावून ठेवायची आणि सकाळी काढायची. त्या जाळ्यांत पाणकावळे अडकून बुडायचे. माशामागे सूर मारला की जाळं दिसतच नाही. रशीदभाई म्हणाले, "सर, त्यांना सांगा ना, जाळी लावू नका म्हणून."

सर म्हणाले, "मी तीस दिवस पगार घेतो आणि त्यांना सांगू, तुम्ही जेवू नका?"

तरी सर काठावर गेले. तिथे सुका भोई नावाचा एक जण जाळं दुरुस्त करत बसला होता. पन्नाशीचा, अंगानं सडपातळ, बोलणं मोजकं. सरांनी आपली वही उघडून दाखवली. ही पक्ष्यांची मोजणी. एवढंच करा, म्हणाले. जाळ्यात पक्षी मेला तर मला सांगा. मी इथून एक खोडतो, म्हणजे आकडा खरा राहतो.

सुकानं वहीकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, "हाई बठ्ठा पाखरू शेतस?"

"बठ्ठा, सगळे पक्षीच," सर म्हणाले. पाणकावळ्यांसाठी सर एकेक उभी रेघ काढायचे. सुकानं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा जाळं दुरुस्त करायला लागला.

पण सांगायला लागला. बाजाराच्या दिवशी मासे विकून झाले की सायकल विभागाच्या दारात लावायचा आणि बोटं दाखवायचा. एक. कधी दोन. सर वही काढायचे, त्याच्यासमोर एकेक रेघ आडवी खोडायचे. तो उभा राहून बघायचा. खोडून झालं की पायांत चपला सरकवून जायचा. चहाला थांबायचा नाही. पूर्ण हिवाळा असं चाललं. रशीदभाई म्हणायचे, "याच्यापेक्षा हा आला नाही तर बरं." सर म्हणायचे, "येतोय यासाठी त्याचे आभार माना. कुणी सांगितलं असतं आपल्याला?"

फेब्रुवारीत एका दुपारी, बाजाराचा दिवस नसताना, सुका आला. सायकल नव्हती. तलावापासून चालत आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, खांद्यावर गोणपाट. सर तास घेऊन नुकतेच बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि सवयीनं खण उघडून वही काढली, पेन काढलं.

सुकानं गोणपाट टेबलावर ठेवून हळूच उकललं. आत पाणकावळा होता. जिवंत. हिरव्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होता. पंखाभोवती, मानेभोवती जाळ्याचे तुकडे अजून गुंडाळलेले. तुकडे कापलेले होते, तेही चांगले हातभर. नवंच जाळं होतं, दोरा पांढरा दिसत होता.

रशीदभाईंनी कात्री आणली. मी पक्ष्याची मान धरली, सुकानं पाय. सरांनी एकेक दोरा सोडवला. पंख मोडला नव्हता. शेवटचा दोरा निघाला तेव्हा पक्ष्यानं सरांच्या अंगठ्याला असा चावा घेतला की रक्त आलं. सर म्हणाले, "छान. ताकद आहे."

मग सरांनी रुमाल अंगठ्याला गुंडाळला आणि सुकाकडे पाहिलं. "जाळं कापलंत तुम्ही?"

 सुकानं टेबलावरच्या उघड्या वहीवर हात ठेवला, रेघांच्या त्या पानावर, आणि म्हणाला, "हाऊ शे अजून, सर. याले खोडू नका."